तेरा मारेकरी आणि खांदेरीचे वचन

अलिबागच्या उत्तरेला असलेल्या थळ गावाच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात दोन बेटे दिसतात. जवळचे ते उंदेरी आणि त्यापलीकडचे, दोन टेकड्यांचे, दीपगृह मिरवणारे ते खांदेरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात रायगड, राजगड, सिंधुदुर्ग यांच्या पंक्तीला खांदेरीही जाऊन बसली. या निमित्ताने खांदेरीचा जो इतिहास पुन्हा सांगितला गेला तो मुख्यतः १६७९ चा, म्हणजे शिवकालीन आरमाराच्या पराक्रमाचा आहे. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी याच बेटावर घडलेली आणि थळच्या किनाऱ्याला अधिक जवळची असलेली एक कथा मात्र फारशी कोणाच्या ओठांवर नाही. ती कथा आहे दगाफटक्याची, दिलेल्या आणि मोडलेल्या वचनाची. जपानी सामुराईपटांचे चाहते ती ऐकतील तर त्यांना ती अनोळखी वाटणार नाही.

तेरा जणांनी उचललेला विडा

जपानमध्ये ऐतिहासिक काळावर बेतलेल्या नाटक-चित्रपटांना 'जिदायगेकी' असे नाव आहे. अकिरा कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराई' (१९५४) मुळे हा प्रकार जगभर पोहोचला. त्याच परंपरेतील 'तेरा मारेकरी' हा चित्रपट दिग्दर्शक एइची कुदो यांनी १९६३ मध्ये कृष्णधवल रंगात काढला आणि २०१० मध्ये ताकाशी मिइके यांनी तो नव्याने केला.

कथानक १८४४ सालातले आहे. आकाशी प्रांताचा सरदार नारित्सुगु हा क्रूर आणि विकृत माणूस आहे. पण तो शोगुनाचा भाऊ असल्यामुळे त्याच्यावर कोणताही कायदा चालत नाही. त्याच्याच पदरचा एक मानकरी निषेध म्हणून पोट चिरून घेतो, तरीही दरबार हलत नाही. उलट त्या सरदाराला राज्याच्या वरिष्ठ मंडळात बसविण्याचे घाटते. तेव्हा दोई नावाचा ज्येष्ठ मंत्री शिंझाएमोन या वयस्क सामुराईला गुपचूप बोलावून सरदाराचा काटा काढण्याचे काम सोपवितो. शिंझाएमोन माणसे जमवितो, वाटेवरच्या एका गावात सापळा रचतो आणि अखेरच्या दीर्घ लढाईत काम तडीस नेतो. मात्र ते पाहण्यासाठी तो स्वतः उरत नाही.

सरदाराचा मुख्य रक्षक हान्बेई याला धनी कसा आहे हे पुरते ठाऊक असते. तरीही तो त्याच्यासाठी लढतो. मराठीत यालाच 'मिठाला जागणे' म्हणतात. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासाठी लढायचे, की जे न्याय्य आहे त्यासाठी, हा या चित्रपटाचा खरा पेच आहे. मारेकरी कोण, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम ठरतो.

परवान्याचा सूड

सूडाची ही कथा जपानी प्रेक्षकांना परकी वाटत नाही, याला इतिहासाचा आधार आहे. तोकुगावा राजवटीत सूड हा बेकायदा नव्हता, त्याला नियम होते. वडील किंवा घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीची हत्या झाल्यास मुलाने अथवा धाकट्याने धन्याची परवानगी घ्यायची, सरकारदरबारी नोंद करायची आणि मगच मारेकऱ्याच्या शोधात निघायचे, अशी रीत होती. सूड एकदाच घेता येई. सूडाचा सूड घेण्यास मनाई होती. हा प्रकार मेइजी सरकारने १८७३ मध्ये कायद्याने बंद केला.

सत्तेचाळीस रोनिनांची प्रसिद्ध घटना या नियमांच्या काठावरची आहे. १७०१ मध्ये एदोच्या किल्ल्यात शस्त्र उपसल्याबद्दल असानो या सरदाराला पोट चिरून घेण्याची शिक्षा झाली. ज्याच्यावर त्याने वार केला होता त्या किरा या अधिकाऱ्याला मात्र कोणतीही शिक्षा झाली नाही. धन्याविना उरलेल्या सामुराईंनी सुमारे पावणेदोन वर्षे वाट पाहिली आणि किराच्या वाड्यावर छापा घालून त्याचा शिरच्छेद केला. सरकारने त्यांची निष्ठा ओळखली. पण कायदा मोडल्याबद्दल १७०३ मध्ये त्यांना आत्मवधाची शिक्षाही दिली. या घटनेवर आधी नाटके आणि मग असंख्य चित्रपट झाले. सत्ता न्याय देत नसेल तर तलवारीने हिशेब पुरा करायचा आणि त्याची किंमत स्वतःच्या प्राणाने चुकवायची, असा या परंपरेचा ढाचा आहे.

गारदी, धनी आणि न्यायाधीश

महाराष्ट्रात भाडोत्री मारेकऱ्यांची सर्वांत गाजलेली घटना म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यातील शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून. थोरल्या माधवरावांच्या निधनानंतर नोव्हेंबर १७७२ मध्ये पेशवाई नारायणरावांकडे आली होती. त्या वेळी ते ऐन तारुण्यात होते. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरकसिंग हे गारद्यांचे नायक थकलेल्या पगाराचे निमित्त करून भर दुपारी वाड्यात शिरले. चुलत्यांच्या आश्रयाला धावलेल्या नारायणरावांना त्यांच्यासमोरच ठार करण्यात आले. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचविताना मारला गेला, तर तुळाजी पवार हा दुसरा सेवक मारेकऱ्यांना सामील होता. 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झाल्याची आणि तो बदल रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई यांनी केल्याची दंतकथा याच घटनेतून जन्मली. 'ध' चा 'मा' करणे हा वाक्प्रचार तेव्हापासून मराठीत आहे.

गारदी म्हणजे फ्रेंचांच्या धर्तीवर कवायत शिकलेले पगारी पायदळ. पगारासाठी लढणारा तो बेइमानच, असे मात्र म्हणता येत नाही. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊंच्या बाजूने अखेरपर्यंत लढून पकडला गेलेला आणि हालहाल करून मारला गेलेला इब्राहिमखान हाही गारदीच होता. एक गारदी मिठाला जागला. दुसऱ्यांनी ज्याच्या पहाऱ्यावर होते त्याच्याच अंगावर तलवार टाकली. फरक पगारात नव्हता. हुकूम कोणी दिला आणि तो का पाळला, यात होता.

पुण्यात पुढे जे घडले ते मात्र जपानी चित्रपटापेक्षा वेगळे आहे. येथे तेरा सामुराई निघाले नाहीत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि गारद्यांना हुकूम देणारा माणूस गादीवर बसलेला असतानाही त्याला दोषी ठरविले. या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे सांगून त्यांनी पुणे सोडले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. बारभाईंनी रघुनाथरावांना सत्तेवरून दूर केले. नारायणरावांच्या मृत्यूनंतर १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू झाला. महंमद इसफ पकडला जाऊन मारला गेला. खरकसिंग आणि तुळाजी पवार हैदर अलीच्या आश्रयाला गेले होते. कालांतराने ते पुणे दरबाराच्या हवाली झाले आणि त्यांनाही देहान्त शासन झाले. रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला, त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. १७८३ मध्ये कोपरगाव येथे त्यांना स्वाभाविक मरण आले. हत्यार चालविणाऱ्यांना शिक्षा झाली, हुकूम देणारा वाचला. तरीही एक निकाल सांगितला गेला, आणि मराठी मनाने लक्षात ठेवला तो निकालच.

'प्रभात'ने १९४४ मध्ये काढलेला 'रामशास्त्री' हा चित्रपट याची साक्ष आहे. गजानन जागीरदार यांनी त्यात रामशास्त्र्यांची प्रमुख भूमिका केली आणि दिग्दर्शनातही त्यांचा मुख्य वाटा होता. भाडोत्री मारेकरी, वाड्यातील कट, रक्तपात हे सारे या कथेत आहे. पण तिचा नायक तलवारबहाद्दर नाही. सत्तेसमोर उभा राहून 'दोषी' म्हणणारा एक शास्त्री तिचा नायक आहे. सामुराईपट आणि मराठी ऐतिहासिक चित्रपट यांतला हा फरक लक्षात घेतला की खांदेरीची कथा अधिक बोचते. कारण तेथे ना सामुराई आले, ना शास्त्री.

तोफांना न मिळालेले बेट

खांदेरीचे महत्त्व तिच्या जागेत आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले हे बेट ज्याच्या हाती, त्याची नजर मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर. शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारी यांना बेटावर धाडून तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईकर इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. समोरच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात होड्या रसद पोहोचवीत राहिल्या. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली आणि 'डव्ह' हे गलबत पकडले. इंग्रजांच्या मुख्य जहाजाचे नाव होते 'रिव्हेंज', म्हणजेच 'सूड'. ते टिकाव धरून राहिले. पण बेट मात्र मराठ्यांकडेच राहिले. जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८० च्या आरंभी शेजारची उंदेरी घेतली आणि दोन्ही बेटे एकमेकांवर तोफा रोखून बसली.

पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर बून याने खांदेरीवर मोठी मोहीम काढली. तीही फसली. इंग्रजांच्या तोफांना दोनदा न मिळालेले हे बेट पुढे एका आश्वासनावर हातचे गेले.

कुलाब्याच्या गादीचा वाद

कान्होजींचे १७२९ मध्ये निधन झाल्यावर आंग्रे घराण्यात भाऊबंदकी सुरू झाली. कुलाब्याची शाखा मानाजी आणि त्यांच्यानंतर रघोजी यांच्याकडे आली. रघोजींची कारकीर्द १७९३ पर्यंत चालली. त्यांच्या मागे मुलगा मानाजी हा अल्पवयीन होता. कारभार आंग्रे घराण्यातीलच जयसिंग यांच्या हाती गेला. रघोजींच्या पत्नी आनंदीबाई यांना ते रुचले नाही. (या आनंदीबाई आणि रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई या भिन्न व्यक्ती होत.) दोन्ही पक्षांत शस्त्रे चालली आणि त्या धामधुमीतच आनंदीबाईंचा मृत्यू झाला.

घरातले भांडण घरात मिटत नाही असे दिसल्यावर दोन्ही बाजूंनी जे केले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलखात सर्रास होत होते. त्यांनी बाहेरची तलवार बोलावली. मानाजींच्या पक्षाने पेशव्यांकडे पाहिले, तर जयसिंग यांनी दौलतराव शिंदे यांच्याकडे मदत मागितली. शिंद्यांकडून जो माणूस आला तो पुन्हा आंग्रेच होता. बाबूराव आंग्रे हे शिंद्यांच्या पदरचे सरदार असून दौलतरावांशी त्यांचे आजोळकडचे नाते होते. ज्यांना मदत करण्यासाठी आले त्या जयसिंगांनाच बाबूरावांनी दग्याने पकडले. मानाजींनाही त्यांनी कैदेत टाकले आणि कुलाब्याची सत्ता स्वतःकडे घेतली. १७९९ मध्ये पेशव्यांकडून त्यांना मान्यताही मिळाली.

सकवारबाईंचा किल्ला

येथे कथेत खांदेरी येते. जयसिंगांच्या पत्नी सकवारबाई यांनी खांदेरीचा किल्ला ताब्यात घेतला आणि बाबूरावांविरुद्ध तो लढविला. पती शत्रूच्या कैदेत, समोर थळ-अलिबागचा सारा किनारा शत्रूच्या हाती आणि भोवती समुद्र, अशा स्थितीत त्यांनी किल्ला राखला. मायनाक भंडारींच्या वेळी समोरचा किनारा पाठीराखा होता. सकवारबाईंच्या वेळी तोच किनारा वैऱ्याचा होता. १६७९ ची लढाई आणि ही लढाई यांतला फरक एवढ्यावरूनही ध्यानात यावा.

किल्ला बळाने मिळत नाही म्हटल्यावर बोलणे लावण्यात आले. खांदेरी खाली करून द्या, तुमच्या पतीची सुटका होईल, असे वचन सकवारबाईंना देण्यात आले. त्यांनी विश्वास ठेवला आणि किल्ला दिला. किल्ला हाती येताच जयसिंगांना ठार करण्यात आले आणि सकवारबाईंना कैदेत टाकण्यात आले.

कुलाब्याच्या इतिहासात ही हकिगत मोजक्या ओळींत येते. या घटनेत रूढ अर्थाने सुपारी घेऊन आलेला अनोळखी मारेकरी नाही. मदतीसाठी बोलावलेली फौजच मारेकरी ठरली. जपानी चित्रपटात मंत्री दोई हा बाहेरच्या माणसाला विडा देतो तो एका जुलमी धन्याला संपविण्यासाठी. कुलाब्यात बाहेरच्याला बोलावणाराच संपला.

हिशेब कोणी विचारला?

जयसिंगांच्या मुलांनी बाबूरावांविरुद्ध पुन्हा शस्त्र उचलले, पण कुलाब्याची गादी त्यांच्या हाती आली नाही. बाबूरावांचे १८१३ मध्ये निधन झाले, तोपर्यंत सत्ता त्यांच्याकडेच होती. त्यानंतर मानाजींना पेशव्यांच्या पाठिंब्याने गादी मिळाली आणि त्या व्यवहारात खांदेरी पेशव्यांकडे गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बेट इंग्रजांच्या ताब्यात आले. १६७९ आणि १७१८ मध्ये लढून न मिळालेला किल्ला इंग्रजांना अखेर पेशवाईच्या मत्तेबरोबर मिळाला. पुढे आंग्र्यांचे संस्थानही वारसाच्या प्रश्नावरून त्यांनी खालसा केले.

तीन घटना शेजारी ठेवल्या की त्यांतील अंतर स्पष्ट होते. एदोत सत्तेने न्याय नाकारला तेव्हा रोनिनांनी तो तलवारीने घेतला आणि प्राण देऊन त्याची किंमत मोजली. पुण्यात सत्तेनेच खून करविला तेव्हा एका न्यायाधीशाने तिला दोषी म्हटले. खांदेरीवर वचन मोडून माणूस मारला गेला, आणि त्यावर निकाल सांगणारे कोणी पुढे आले नाही. रामशास्त्र्यांचे निधन १७८९ मध्येच झाले होते. नाना फडणवीस यांचे १८०० मध्ये निधन झाले, आणि दुसऱ्या बाजीरावांच्या पुण्यात असा प्रश्न विचारण्याची रीतही उरली नव्हती. ज्या दरबाराने नारायणरावांच्या मारेकऱ्यांचा हैदरच्या मुलखापर्यंत पाठपुरावा केला, त्याच दरबाराने बाबूरावांना कुलाब्याची मान्यता दिली होती. पाव शतकात मराठी सत्तेचे काय झाले, याचे उत्तर मोठ्या लढायांच्या इतिहासाइतकेच थळसमोरच्या या बेटावरही सापडते.

नारायणरावांच्या खुनावर नाटके, कादंबऱ्या, चित्रपट झाले. 'काका, मला वाचवा' ही हाक मराठी घराघरांत पोहोचली. सकवारबाईंचे नाव त्या प्रमाणात रुळले नाही. याचे एक कारण असे असू शकेल की, या कथेत प्रेक्षकाला धीर देणारे पात्र शेवटी येत नाही.

आजची खांदेरी

बेटावर १८६७ मध्ये बांधलेले दीपगृह आहे. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. तटबंदी, बुरूज आणि जुन्या तोफा आजही पाहायला मिळतात. ठोकल्यावर धातूसारखा नाद देणारा एक खडक पर्यटकांचे विशेष आकर्षण आहे. वेताळाचे देऊळ हे किनाऱ्यावरील कोळी समाजाचे श्रद्धास्थान असून बेटावर येणारे बहुतेक जण तेथे थांबतात. बेटावर जाण्यासाठी थळ येथून मच्छीमार बांधवांच्या होड्या हा नेहमीचा मार्ग आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने ही वाहतूक बंद असते. खुद्द थळमध्ये खुबलढा या लहान किल्ल्याचे अवशेष आहेत.

जागतिक वारसा यादीतील समावेशामुळे बेटावर माहितीफलक, मार्गदर्शक आणि पुस्तिका यांची गरज वाढणार आहे. त्या फलकांवर मायनाक भंडारी आणि दौलतखान यांची नावे असतील, आणि ती असायलाच हवीत. त्याच तटावर उभे राहून पतीच्या सुटकेसाठी किल्ला देणाऱ्या आणि दोन्ही गमावणाऱ्या सकवारबाईंसाठीही त्यांवर दोन ओळींची जागा असावी.

घटनाक्रम

१६७९ : खांदेरीवर मराठ्यांची तटबंदी, इंग्रजांशी सागरी लढाई.
१६८० : सिद्दीचा उंदेरीवर ताबा.
१७१८ : खांदेरीवरील इंग्रजांची मोहीम अयशस्वी.
१७२९ : कान्होजी आंग्रे यांचे निधन.
१७७३ : शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून.
१७९३ : रघोजी आंग्रे यांचे निधन; कुलाब्याच्या गादीचा वाद.
१७९९ : बाबूराव आंग्रे यांना पेशव्यांची मान्यता.
१८१३ : बाबूरावांचे निधन, मानाजींना गादी.
१८१८ : खांदेरी इंग्रजांकडे.
१८६७ : बेटावर दीपगृह.
१८७३ : जपानमध्ये सूडास कायद्याने बंदी.
१९४४ : 'प्रभात'चा 'रामशास्त्री'.
१९६३ व २०१० : 'तेरा मारेकरी' जपानी पडद्यावर.
२०२५ : खांदेरीचा जागतिक वारसा यादीत समावेश.